तांबडी गेली, भाऊजी

भाऊजी, तांबडी काल गेली.

बेळगावचे पावणे सकाळीच आले. तुमच्या दादांनी त्यांना चहा दिला, कागद दिले, चाव्या दिल्या. पावण्यांनी गल्लीतून बाहेर पडताना गिअर असा काही खरडला की माझे दात आंबले. तुम्ही असता तर अनवाणी मागं धावला असता. मी दारात उभं राहून गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं आणि आत येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नाही, पण घर तेवढ्यात रिकामं झालं. पहिल्या दिवसांत माणसांना बसायला जागा पुरत नव्हती. आलेली माणसं सासूबाईंच्या शेजारी टेकायची, तुमच्या दादांचा हात धरायची. माझ्याजवळ कुणी बसलं नाही. त्यांचा तरी काय दोष? दीर गेला म्हणून वहिनीचं सांत्वन करायची आपल्याकडं पद्धतच नाही. वहिनीनं चहा करायचा, सतरंज्या घालायच्या, कोण जेवून जाणार ते बघायचं. मी तेच केलं. एकदा फक्त दूध उतू गेलं आणि मला एकदम रडू फुटलं. तुमच्या मावशी म्हणाल्या, दमलीस गं, जरा पड जा. मी दमले नव्हते, भाऊजी. मला तुमच्याशी भांडायचं होतं आणि तुम्ही नव्हता.

आपलं भांडण तसं एकच. गाडी कुणाची बरी, तांबडी की पांढरी? ही नावं आपण ठेवलेली नव्हती. अडतीवरच्या हमालांनी ठेवली, आणि कोल्हापुरात तांबडा-पांढरा म्हटलं की लोकांना गाड्यांच्या आधी रस्सा आठवणार, त्याला इलाज नाही. तांबडी तुमची. बुटकी, रुंद, वरून उघडी, दोन माणसांची परदेशी स्पोर्ट्स कार, मुंबईच्या कुणा पारशी बाबांकडून आणलेली. पांढरी माझी. चार दारांची छोटी गाडी, जिच्यातून पोरं शाळेत जायची आणि दर पौर्णिमेला सासूबाई नरसोबाच्या वाडीला जायच्या.

वाडीच्याच रस्त्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत. नव्वदीची सुरुवात असेल. बाईनं स्टिअरिंगला हात लावायचा म्हणजे गल्लीत खिडक्या उघडायच्या. मी शाहूवाडीकडची, डोंगरातली. वळणांची भीती मला कधीच नव्हती, भीती होती ती मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंची. पहिल्यांदा मी एसटीला मागं टाकलं तेव्हा त्यांनी मागून मोठ्यानं दत्ताचं नाव घ्यायला सुरुवात केली ती वाडी येईपर्यंत थांबल्या नाहीत. देवळाच्या पायऱ्या उतरताना तुम्ही हळूच म्हणालात, वैनी, तुम्हाला हात हाय. तेवढंच. त्या वयात, त्या घरात, भाकरी सोडून दुसऱ्या कशासाठी माझ्या हाताला कुणी चांगलं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

मग तुम्ही ते पटांगण शोधून काढलंत. साखर कारखान्याचा गाडीअड्डा. हंगामात तिथं उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, आणि पट्टा पडला, गाळप संपलं, की एवढं मोठं डांबरी मैदान पावसाळ्यापर्यंत मोकळं पडतं. आपण गुळाचे अडते, ते साखरवाले, सात जन्मांचं वैर. तरी तुम्ही कुणाकुणाला गाठून रविवार सकाळची परवानगी आणलीत. वळणं आखायला आपण काकवीचे रिकामे डबे मांडायचो. डब्याला गाडी लागली तर ती फेरी बाद. नियम तुमचे. फेरी झाल्यावर दोघांनी चहा पिईपर्यंत गाडीविषयी अवाक्षर काढायचं नाही, हाही नियम तुमचाच. तापलेल्या डोक्यानं गाडीबद्दल खरं बोलता येत नाही, असं तुमचं म्हणणं होतं.

त्या चहानंतरच्या गप्पा मला आता दिवसभर ऐकू येतात. पांढरीला पुढची चाकं ओढतात आणि तांबडीला मागची ढकलतात, हे तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे माझी बैलगाडी आणि तुमची हातगाडी. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढं तुम्ही सगळ्यांना तसंच सांगायला लागलात. पांढरी वेगात वळवली की नाक बाहेर काढते, हट्टी पोरासारखी सरळ जाऊ बघते. पाय जरा सैल केला की गुमान आत येते. तांबडीचं उलटं. तिचं शेपूट बाहेर येतं, आणि तिथं घाबरून पाय काढला की गाडी स्वतःभोवती फिरते. वळणात पाय काढायचा नाही, हे तुम्ही मला हजारदा सांगितलंत, आणि मला ते कधी लागूच नव्हतं. माझ्या गाडीत पाय काढलेला चालायचा.

वेळ मोजायला तुमचे दादा. ते माझ्या शेजारी बसून मोजायचे, कारण सासूबाईंची अट होती, बाईमाणसानं एकटीनं गाडी पळवायची नाही. तुमची फेरी असली की ते खाली उतरून भिंतीच्या सावलीत उभे राहायचे. दोन उन्हाळे मी तुमच्याकडून हरले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुमच्याशी नवऱ्यासकट शर्यत लावते आहे. आपल्या घरात माणसाचं वजनसुद्धा गुळाच्या रव्यांत, तीस किलोच्या ढेपांत सांगतात; तुमचे दादा तेव्हा तीन रवे भरायचे. मी म्हटलं, तुम्हीही तीन रवे घेऊन पळा, मग बघू.

दुसऱ्या रविवारी तुम्ही खरोखरच तांबडीच्या शेजारच्या सीटवर गुळाचे तीन रवे बांधून आलात. मे महिना, वरून उघडी गाडी आणि आत गूळ. गुळात जन्म गेलेल्या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की उन्हात त्याचं काय होईल. दहा वाजेपर्यंत खालचा रवा मऊ पडला, पोतं फुटलं, आणि तिसऱ्या वळणाला वरचा रवा घसरून गिअरवर आला. तुम्ही गाडी थांबवून एका हातानं रवा ढकलत होता आणि दुसरा हात चाटत होता. मी हसून हसून खाली बसले. त्यानंतर महिनाभर तांबडीत मुंग्या होत्या. पण त्या दिवशीही फेरी तुमचीच कमी वेळात झाली, गुळासकट. दोन-अडीच सेकंदांनी. कायम तेवढ्यानंच.

वजनाची सबब गेली, मग माझ्याकडं एकच उरली. गाडी. मी म्हणायला लागले की तांबडीत कुणालाही बसवा, तो जिंकेल; ती बनवलीच आहे पळायला. मासिकांतली चित्रं मी बघितलेली होती. जमिनीला चिकटून चालणारी गाडी वळणात बरी पळणार, यात सांगायचं काय आहे? तेव्हा तुम्ही साध्या आवाजात म्हणालात, "वैनी, गाडी तुमचीच बरी हाय. माझ्या गाडीत काय न्हाय."

मी म्हटलं, म्हणजे मला चालवता येत नाही, असंच ना? आणि तुम्ही चेष्टेच्या सुरात 'नाचता येईना' म्हणालात. अंगणापर्यंत पोचला नाहीत, माझा चेहरा बघून थांबलात. पण म्हण अर्धी सोडली तरी ऐकणाऱ्याला पुरी ऐकू येते.

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. गणपतीपर्यंत. ताट वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. तुमचे दादा बिचारे दोघांच्या मध्ये निरोप पोचवून दमले. मला इतकं का लागलं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, आता सांगते. आठवडाभर मी कुणाची सून होते, कुणाची बायको, कुणाची आई. रविवारी सकाळी त्या डांबरावर मी फक्त गाडी चालवणारी होते, आणि तिथं मी वाईट आहे असं कळलं असतं तर माझं म्हणून काही उरलंच नसतं. हे तुम्हाला न सांगता कळलं असावं. कारण गौरी बसल्या त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "चुकलं, वैनी. गाडी माझीच बरी हाय. झालं?"

मी म्हटलं, झालं. आणि तुम्हाला करंज्या दिल्या.

त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी पांढरीला बरी म्हणाला नाहीत. मी दर वर्षी म्हणायची, एक फेरी तांबडीची मला द्या, मग ठरवू कोण किती पाण्यात आहे. तुम्ही दर वर्षी काहीतरी काढायचात. क्लच धरत नाही, टायर नरम आहेत, ब्रेक बघून घेतो, पुढच्या रविवारी नक्की. मी मनात म्हणायची, शेवटी पुरुषच. पोराच्या हातातलं खेळणं एक वेळ सुटेल, ह्यांचं नाही. एवढा मोकळा माणूस, गल्लीत कुणालाही स्कूटर देणारा, आणि तांबडीच्या चावीवर असा नाग होऊन बसतो याचा मला राग यायचा. गमतीत घातलेला, पण राग.

आणि पांढरीवर मात्र तुमचा जीव. उद्यमनगरात ओळखीच्याकडून तिच्यासाठी आखूड स्प्रिंगा करून आणल्यात. तिचं स्टिअरिंग बसवून घेतलंत, टायर रुंद घातलेत, पुढच्या चाकांचा कोन स्वतः उकिडवं बसून दोरी लावून जुळवलात. दर उन्हाळ्यात तिचं काहीतरी सुधारायचं. सासूबाई म्हणायच्या, गाडी अलीकडं लई हादरते, वाडीपतुर माझं हाड न् हाड खिळखिळं होतंय. तुम्ही म्हणायचात, रस्ता खराब हाय, आई. तांबडीचं काही करावं असं तुम्हाला कधी वाटलं नाही. मला वाटायचं, तिला काही करायची गरजच नसेल.

लोक म्हणायचे, हा एक दिवस गाडीत जाणार. तुम्ही गेलात अडतीवर, सौदा चालू असताना, गादीवर बसल्याबसल्या. एवढी वर्षं मी ज्या भीतीची तयारी केली होती ती वायाच गेली. चेन्नईच्या खऱ्या ट्रॅकवर एकदा जायचं राहिलं. मला तुम्हाला हरवायचं राहिलं. आणि एक साधी गोष्ट बोलायची राहिली, ती आपल्यात कशी बोलणार? वहिनीनं दिराला 'तुमच्यामुळं माझं आयुष्य बरं गेलं' असं म्हणायचं तरी कोणत्या सणाला?

घरात आता ही भाषाच बंद पडली आहे. परवा जेवताना मी सहज म्हटलं, पांढरी हल्ली वळणात जास्त सरळ जाते आहे. तुमचे दादा म्हणाले, मग गॅरेजला दाखव की. चूक काही नाही त्यांची. पण तुम्ही विचारलं असतंत, डावीकडं की उजवीकडं? आत शिरताना की बाहेर पडताना? आणि आपली भाजी गार झाली असती. पुण्याहून पोरगी फोन करते, आई जेवलीस का विचारते. जेवले म्हणते.

सासूबाईंना तांबडी डोळ्यांसमोर नको झाली. त्यांचंही खरं आहे, सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलं की ती समोर दिसायची. तुमच्या दादांनी गिऱ्हाईक बघितलं. माझा हक्क काय त्या गाडीवर? फक्त गेल्या शनिवारी दादांना म्हटलं की गाडी जायच्या आधी मला एकदा अड्ड्यावर न्यायची आहे. मला वाटलं होतं कारण विचारतील. त्यांनी विचारलं नाही. रविवारी सकाळी स्वतःच माळ्यावरून काकवीचे डबे काढून पांढरीत भरले आणि म्हणाले, "तू तांबडी घे, मी मागनं येतो."

अड्ड्यावर ऊन आत्ताच कुठं चढत होतं. डबे दादांनीच मांडले, एकदम बरोबर जागी. इतकी वर्षं त्यांना काहीच कळत नाही असं मी धरून चालले होते. मग ते भिंतीच्या सावलीत जाऊन उभे राहिले. तांबडीत मी एकटी होते. त्या मैदानावर गाडीत एकटी बसायची माझी ती पहिलीच वेळ. भाऊजी, खरं सांगते, मला दुःख होत नव्हतं. मी आज जिंकणार होते. तुमच्याच गाडीत तुमची वेळ गाठायची, मग वर बघून म्हणायचं, बघा, गाडीच होती.

पहिल्या वळणाला मी डबा उडवला. स्टिअरिंग मधे बरंच रिकामं फिरतं आणि मग एकदम धरतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडं खेचते. दुसऱ्या वळणाला शेपूट कसलीही सूचना न देता बाहेर आलं, माझा पाय आपोआप निघाला, आणि मी ज्या दिशेनं आले तिकडंच तोंड करून उभी राहिले. मी मनाशी म्हटलं, सवय नाही म्हणून. पुन्हा निघाले. पुन्हा फिरले. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत मी पाय न काढायला शिकले, तर गाडीचं अख्खं अंग वळणात कण्हायला लागलं आणि पुढची चाकं मी सांगेन ते सोडून भलतंच करायला लागली. मी थांबले नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत फेऱ्या मारल्या. सवय नसणं आणि गाडी लबाड असणं यातला फरक ओळखायला तुम्हीच मला शिकवलंय. ही गाडी लबाड होती. दिसायला राजकन्या आणि वळणात म्हातारी म्हैस. तिच्यात सगळ्यात चांगली फेरी मला जमली ती पांढरीतल्या माझ्या सगळ्यात वाईट फेरीपेक्षाही वाईट होती.

या गाडीत तुम्ही मला दर उन्हाळ्यात हरवत होता. मुंग्यांसकट, गुळासकट.

मी गाडी मैदानाच्या मधोमध बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, त्या दिवसांत रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं. तुम्ही मला चावी का दिली नाहीत ते मला कळलं. एक फेरी, आणि माझी सबब संपली असती. तुम्ही ती सबब माझ्यासाठी जपून ठेवलीत. मी वर्षानुवर्षं तोंडावर म्हणत राहिले की तुमच्यात काही नाही, सगळं गाडीत आहे, आणि तुम्ही मान डोलवत राहिलात आणि घरी येऊन माझ्याच गाडीच्या स्प्रिंगा बदलत राहिलात. स्वतःच्या कसबाचं कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही? तुम्हाला ते करणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस तुम्हाला श्रेय द्यायला तयार नव्हतं. कसं गिळलंत हो? मी गणपतीपर्यंत न बोलणारी बाई. मला नसतं जमलं.

आता म्हणते. भाऊजी, तुमच्या हातासारखा हात मी बघितला नाही. हे ऐकायला तुम्ही समोर हवे होतात, चहाचा कप घेऊन, डांबरावर उकिडवे बसलेले.

तुमचे दादा उन्हातून चालत आले. माझे डोळे बघितले आणि दाराला टेकून उभे राहिले. मग बोलायचं म्हणून त्यांनी तेच विचारलं, "मग? कुठली बरी?"

"पांढरी," मी म्हटलं. "पांढरीच बरी. पहिल्यापासून."

त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग चांगलंच झालं की. जिंकलीस तू. बरी गाडी घरातच राहिली."

मी हो म्हटलं. मी हरले होते, भाऊजी, आणि किती हरले होते ते समजणारं माणूस घरात राहिलं नव्हतं.